वाचकांचे प्रश्न : गावचा भोंगा, व्हिडिओवरचा ‘साहेब’ आणि अडकलेले दोन हजार

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद राहतात. आमच्या गावच्या तरुण मंडळाने तसंच करायचं ठरवलं आहे. गावात दीडशेच्या आसपास उंबरे आहेत. नियम मोडणाऱ्या घराला शंभर रुपये दंड ठेवावा, असं काहींचं म्हणणं आहे. हे टिकेल का?
– एक वाचक, खानापूर तालुका, बेळगाव

उत्तर : टिकेल, पण दंड ठेवू नका. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी १० पाळणाघरांवर २० आठवडे नजर ठेवली होती. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या ६ पाळणाघरांनी १० शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच, उशिरा येणारे पालक जवळजवळ दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला तरी ते पूर्वीसारखे वेळेवर येईनात. आधी ‘आपल्यामुळे बाई खोळंबल्यात’ असा संकोच वाटायचा. दंड आल्यावर त्या संकोचाची किंमत ठरली, आणि ती परवडणारी निघाली. तुमच्या गावातही ज्याला शंभर रुपये जड नाहीत तो पैसे टाकून मॅच बघेल आणि ज्याला जड आहेत तो मंडळावर डूख धरेल.

वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून सात ते साडेआठ ही वेळ पाळली जाते. तिथला भोंगा नुसती आठवण करून देतो. नियम बसवला तो सुरुवातीला घरोघर फिरून समजावणाऱ्या आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षकांनी. तुम्हीही भोंगा विकत घेण्याआधी पंधरा दिवस या फिरण्याला द्या, आणि आधी बायकांना विचारा. तरुण मंडळाच्या बैठकीत हे हमखास राहून जातं. दिवसभर रोजगाराला जाऊन, जनावरांचं आटोपून, भाकऱ्या थापून जी बाई अर्धा तास मालिकेपुढे टेकते, तिची ती एकच विश्रांती असते. ती न विचारता काढून घेतलीत तर पहिल्या आठवड्यातच दारं लावून, आवाज बारीक करून टीव्ही सुरू होतील. स्त्रीशक्ती संघांच्या, म्हणजे बायकांच्या बचत गटांच्या, बैठकीत वेळ ठरवू द्या. साडेसहा ते आठ ठरली तरी चालेल. सात वाजलेच पाहिजेत असं काही नाही.

दुसरं, बंदी फोनवर घालू नका, पडद्यावर घाला. थ्री फेजची लाइट कधी येईल त्यावर मोटार सुरू करणारे शेतकरी मोबाइल स्टार्टर वापरतात. कुणाचा मुलगा पुण्याला किंवा गोव्याला कामाला असतो, त्याचा फोन याच वेळी येतो. ‘कॉल चालू, स्क्रीन बंद’ हा नियम समजायला सोपा आणि पाळायला शक्य आहे. शाळेचं काय तेही बघून घ्या. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येत असेल तर मुलाच्या हातातला मोबाइल काढणं अवघड होतं. मुख्याध्यापकांना भेटून गृहपाठ शाळा सुटतानाच वहीत लिहून द्यायची व्यवस्था आधी करून घ्या.

भोंग्याबद्दल थोडं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे करायचा ते पोलीस ठाण्यात विचारा, सोबत पंचायतीचा ठराव जोडा. तीस सेकंदांचा आवाज पुरतो. देवळाची घंटा आधीपासून असेल तर तीच वापरा.

आता मोजणी. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी, नियमाची वेळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने, दोघांनी ठरलेल्या एकाच रस्त्याने फिरायचं आणि बाहेरून किती घरांतला टीव्ही ऐकू येतो ते मोजायचं. घरांची नावं लिहायची नाहीत, फक्त आकडा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘काल १५० पैकी ९६ घरं शांत’ असं लिहा. ‘५४ घरांनी नियम मोडला’ असं कधीही लिहू नका. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडांचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी पाट्यांचा प्रयोग केला. ‘आजवर अनेकांनी इथलं लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे’ अशी पाटी लावली, तेव्हा चोरी वाढली. सगळेच नेतात म्हटल्यावर आपण एक तुकडा नेला तर काय बिघडलं, असं माणसाला वाटतं. तुमच्या फळ्यावर मोडणाऱ्यांचा आकडा चढला तर तेच होईल.

साधारण दुसऱ्या महिन्यात उत्साह ओसरतो. गणपती, लग्नसराई, क्रिकेटचा अंतिम सामना यांपैकी काहीतरी आडवं येतं, एक दिवस सूट दिली जाते आणि मग सूटच नियम होऊन बसते. म्हणून सुट्टीचे दिवस आधीच कागदावर लिहून ठेवा. नियम नव्वद दिवसांपुरता करा आणि पुढे चालवायचा की नाही हे पुन्हा सगळ्यांसमोर ठरवा. सामाईक पाणी, कुरणं, जंगलं गावं कशी सांभाळतात यावर आयुष्यभर काम करून २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच दाखवून दिलं आहे. ज्यांनी नियम पाळायचा त्यांनीच तो करावा, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असावेत आणि पहिल्या चुकीची शिक्षा अगदी हलकी असावी. पंचायत सदस्य आणि मंडळाचे अध्यक्ष यांच्या घरातून पहिल्या आठवड्यात टीव्हीचा आवाज आला तर बाकीचं सगळं वाया जाईल, हे मात्र त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

मुलांचे मार्क वाढतील असं कुणाला वचन देऊ नका. अमेरिकेत २०१८ साली २,७००हून जास्त लोकांवर झालेल्या एका प्रयोगात त्यातल्या काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला. त्यांना बरं वाटू लागलं, पण थोडंच. वाचलेला वेळ काही घरच्यांकडे आणि मित्रांकडे गेला, काही टीव्हीकडे. पडदा बंद झाला की माणूस कुठेतरी जाणार. तेव्हा त्या दीड तासात शाळेची एक खोली उघडी ठेवा, तिथे चांगला दिवा आणि बसायला सतरंजी असू द्या. याचा खर्च भोंग्यापेक्षा कमी येईल आणि उपयोग जास्त होईल.

प्रश्न : आमचे काका निवृत्त शिक्षक आहेत. ‘तुमच्या आधारवर घेतलेल्या सिममधून गुन्हा झाला आहे’ असं सांगून पोलीस गणवेशातल्या माणसाने त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं आणि ठेव मोडून पैसे पाठवायला लावले. घरातले सगळे त्यांना बोलतात. इतका शिकलेला माणूस फसतो कसा?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आधी त्यांना बोलणं थांबवा. घरात एकाला असं बोललेलं बाकीचे बघत असतात, आणि उद्या त्यांच्यापैकी कुणाला असा कॉल आला तर तेही तोंड उघडणार नाहीत. लपवण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो.

शिक्षणाचा इथे फारसा संबंध नाही. येल विद्यापीठात १९६१ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आज्ञापालनाचे प्रयोग सुरू केले. शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे धक्के द्यायला शास्त्रज्ञ सांगतो (धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं). ४०पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. पुढच्या दोन प्रयोगांकडे नीट बघा. शास्त्रज्ञ खोलीतून निघून गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचात एकाच्या आसपास उरले. आणि शेजारी बसलेल्या आणखी दोघांनी ‘आम्ही करणार नाही’ म्हटलं, तेव्हा ४०पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. साहेब समोर दिसला की हुकूम चालतो आणि सोबतीला कुणी नकार देणारं असलं की तो मोडतो. हे भामटे साधा कॉल न करता व्हिडिओ कॉलच का करतात, मागे ठाण्यासारखी भिंत का असते आणि ‘घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही अटक’ हे पहिल्या पाच मिनिटांत का बजावतात, ते यावरून कळेल. काकांचा मूर्खपणा म्हणून सोडून देऊ नका. माणसाच्या स्वभावाची ही जागा नेमकी हेरून लावलेला तो सापळा आहे. कायदा पाळणारा, अब्रूला जपणारा माणूस त्यात आधी सापडतो.

हे भामटे जिला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, तशी अटक भारतीय कायद्यात नाही. हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट केलं आहे. हे काकांना सांगाच, पण नुसत्या माहितीवर विसंबू नका. घाबरलेल्या माणसाला माहिती आठवत नाही. त्यापेक्षा व्यवस्था बदला. मोठी ठेव दोघांच्या नावे आणि दोघांच्या सहीने चालणारी करून घ्या. ‘दोघांपैकी कुणीही’ हा पर्याय अशा वेळी उपयोगाचा नाही. नेट बँकिंग आणि यूपीआयची रोजची मर्यादा ॲपमधून घरखर्चापुरती, म्हणजे दहा-वीस हजारांवर आणा. वाढवायची वेळ आली तर शाखेत जावं लागू दे. तो हेलपाटाच वाचवतो. आणि पोलीस, सीबीआय, कस्टम्स यांचं नाव घेणारा कोणताही कॉल आला की फोन ठेवून घरातल्या किंवा शेजारच्या एका ठरलेल्या माणसाला हाक मारायची, एवढा एकच नियम घरात करा.

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा. हाताशी पाहिजे ते असं : कोणत्या खात्यातून गेले, रक्कम, वेळ, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (यूपीआयचा असेल तर तो १२ अंकी असतो) आणि समोरच्याचं खातं किंवा यूपीआय आयडी. पैसा पुढे चार-सहा खात्यांत पांगण्याआधी गोठवणं, एवढ्यासाठी ही धावपळ. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी कळवा आणि ठाण्यात जा. पैसे काकांनी स्वतःच्या हाताने पाठवलेले आहेत, त्यामुळे बँक आपणहून भरपाई देईल अशी आशा धरू नका. चॅट, कॉलची नोंद, खोटी ‘वॉरंटं’ यातलं काहीही पुसू नका.

प्रश्न : माझी आई विड्या वळते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे हप्ते आधी येत होते, मग थांबले. कार्यालयात गेलं की सगळं कन्नडमध्ये, त्यात तीनदा परत पाठवलं. आता आई म्हणते, राहू देत ते दोन हजार, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमच्या आईचं म्हणणं आम्हाला पटतं, आणि म्हणूनच हे काम आता तुम्ही अंगावर घ्या. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन हे अभ्यासक सरकारी योजनेच्या ओझ्याचे तीन भाग करतात : काय करायचं ते शोधून काढण्याचा त्रास, कागद आणि फेऱ्यांचा त्रास, आणि तिथे मिळणाऱ्या वागणुकीने मनाला होणारा त्रास. तिसरा कुठल्याच हिशेबात येत नाही, पण माणूस हक्क सोडून देतो तो बहुतेक त्यामुळेच. विडीच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात महिना दोन हजार म्हणजे काय, हे कार्यालयातल्या टेबलापलीकडच्याला माहीत असायला हवं.

कारण शोधताना क्रम पाळा, म्हणजे फेऱ्या वाचतील. पहिल्यांदा गल्लीतल्या चार बायकांना विचारा. त्यांचाही हप्ता आला नसेल तर सरकारकडूनच उशीर आहे, कागद हलवण्यात अर्थ नाही. त्यांचा आला असेल तर आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. मोबाइल आधारला जोडलेला पाहिजे, ओटीपी त्यावर येतो. थेट जमा होणारे सरकारी पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं त्या बँकेत जातात, आणि एका वेळी एकच बँक जोडलेली राहते. मधल्या काळात आईने दुसरीकडे खातं उघडलं असेल, बचत गटाच्या कर्जासाठी किंवा नुसतं सिम घेताना कुणीतरी अंगठा घेऊन, तर पैसे तिकडे पडून असण्याची शक्यता आहे. २०१७मध्ये एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट्स बँकेत सिमच्या पडताळणीच्या वेळीच लोकांची खाती उघडली गेली आणि त्यांचं गॅसचं अनुदान त्यांच्या नकळत तिकडे वळलं, हे जाहीर झालेलं प्रकरण आहे. तसं निघालं तर आपल्या नेहमीच्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज पुन्हा भरून द्यायचा आणि चार-पाच दिवसांनी तेच पान परत बघायचं.

जोडणी बरोबर असेल तर नाव बघा. रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, पासबुकावर तिसरंच. लक्ष्मी हे नाव एका कागदावर ‘एक्स’ने आणि दुसऱ्यावर ‘केएस’ने लिहिलेलं असतं, किंवा माहेरचं आडनाव तसंच राहिलेलं असतं. माणसाला ही एकच बाई आहे हे दिसतं, संगणकाला दोन दिसतात. आधारवरचं स्पेलिंग पक्कं धरून बाकीचे कागद त्याला जुळवा. मग रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आईचंच नाव आहे ना, हे पाहा. शेवटचं कारण म्हणजे तिच्या किंवा वडिलांच्या नावावर आयकर किंवा जीएसटीचं विवरणपत्र. विडी कामगाराच्या घरात हे नसणार, तरी तसा शेरा मारलेला असेल तर तो लेखी मागा.

अंगठ्याचं यंत्र ठसा घेत नसेल तर नवल नाही. वर्षानुवर्षं पानं कापून आणि विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात. हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर असताना दुसरी बोटं लावून बघा, नाही तर डोळ्यांची किंवा चेहऱ्याची पडताळणी मागा.

तक्रार तालुक्याच्या बालविकास अधिकाऱ्यांच्या (सीडीपीओ) कार्यालयात लेखी द्या. संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, म्हणून अर्ज मराठीत देणं योग्यच. पण आईचे पैसे महिन्यामागून महिने थांबलेले आहेत. मागच्या बाजूला चार ओळी कन्नडमध्ये लिहून घ्या, म्हणजे ‘समजत नाही’ ही सबब उरणार नाही. दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या फेरीत कुणालाच आठवत नसतं.

प्रश्न : सीमाभागात थोडा तणाव झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर बस अडवल्याचे, मारहाणीचे व्हिडिओ येतात. बरेच जुने असतात. मामा सगळे पुढे पाठवतात. समजावलं की चिडतात.
– एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : ग्रुपवर सगळ्यांदेखत चूक दाखवली की मामांना माघार घेता येत नाही, मग ते चुकीची बाजूही लढवतात. त्यांना वेगळा फोन करा. ‘हे खोटं आहे’ असं सांगण्याऐवजी ‘मामा, हे कुठलं आणि कधीचं असेल?’ असं विचारा. शेअर करण्याआधी माणसाला खरेखोटेपणाची नुसती आठवण करून दिली तरी खोटं पुढे पाठवण्याचं प्रमाण काहीसं घटतं, असं गॉर्डन पेनिकुक आणि डेव्हिड रँड या संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं आहे. बहुतेक लोक काळजीपोटी आणि घाईत पाठवतात. खोटं पसरवायचंच असं ठरवून बसलेले थोडे असतात.

पडताळायला दोन मिनिटं लागतात. व्हिडिओ थांबवून गाडीचा नंबर बघा : केए २२ बेळगावचा, केए २३ चिक्कोडीचा, एमएच ०९ कोल्हापूरचा. दुसराच जिल्हा असेल तर तिथेच उत्तर मिळालं. दुकानांच्या पाट्या बघा, पाऊस-चिखल आहे का बघा. त्या चित्राचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाकला की जुनी बातमी बहुधा वर येते. बस चालू आहेत का हे तर थेट डेपोत फोन करून कळतं. खुलासा ग्रुपवर टाकताना खोटा व्हिडिओ परत जोडू नका. ‘आज दुपारी कोल्हापूरची बस वेळेवर सुटली’ एवढं खरं वाक्य टाका.

यात हयगय नको. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. ती पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे संदेश पुढे पाठवणं बंद करण्याची घोषणा केली.

प्रश्न : प्रत्येक ॲप इंग्रजीत काहीतरी लांबलचक दाखवतं आणि ‘सहमत’ दाबायला लावतं. हे मराठीत मिळायला नको का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : मिळायला हवं, आणि तसा कायदा झाला आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे, मग तुम्ही राहायला महाराष्ट्रात असा की कर्नाटकात. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, कंपन्यांना या भागासाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

तोवर, फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ‘परमिशन मॅनेजर’ उघडा आणि संपर्क, लोकेशन, मायक्रोफोन या तिन्हींत कोण कोण शिरलं आहे ते बघून नको त्याची परवानगी काढा. आधीच खूण केलेले चौकोन न वाचता सोडू नका. जे आधीपासून ठरवून दिलेलं असतं ते माणूस सहसा बदलत नाही. अवयवदानाला आपणहून होकार द्यावा लागणाऱ्या जर्मनीत १२ टक्के लोकांची संमती होती. नकार न दिल्यास होकार धरणाऱ्या शेजारच्या ऑस्ट्रियात ती ९९ टक्क्यांच्या वर होती. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं. कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादी, कॉलची नोंद किंवा फोटो मागायला रिझर्व्ह बँकेने २०२२मध्येच मनाई केली आहे. ते मागणारं ॲप दिसलं तर कर्ज कितीही गरजेचं असो, तिथे अर्ज करू नका.